वणवा विझला २०२० ला, नदीतून अजून वाहतोय : फोर्ट कॉलिन्सच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

फोर्ट कॉलिन्स, लव्हलँड, ग्रीली आणि आजूबाजूच्या सगळ्या मराठी मंडळींना, आणि खास करून आपल्या मंडळाच्या पिकनिक कमिटीला,

नमस्कार.

परवा ग्रुपवर मी फक्त "जुलैची पिकनिक पूडर कॅन्यनमधे नको" एवढंच टाकलं (पूडर म्हणजे इथली, कोलोरॅडोतली, आपली नदी, कॅन्यन म्हणजे तिची डोंगरातली अरुंद दरी, आणि तिच्या वरचं जंगल २०२० च्या वणव्यात जळलेलं) तर सतरा हसरे इमोजी आले, एका दादांनी विचारलं "अरे आग २०२० ची, आता कुठे धूर दिसतोय तुला", आणि एका वहिनींनी मला घाबरट म्हटलं (प्रेमाने म्हटलं, मान्य). तिथे उत्तर द्यायला गेलो तर तीन ओळींच्या पुढे कोणी वाचत नाही आणि मधेच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, म्हणून हे पत्र. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझीच चूक सांगतो. मी भोरकडचा. लहानपणी मार्च-एप्रिलात रात्री अंगणात झोपलो की समोरच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ हळूहळू सरकताना दिसायची, आजी म्हणायची कुणीतरी गवतासाठी पेटवून दिला असेल, झोप आता. सकाळी डोंगर काळाठिक्कर, आणि जूनमधे दोन पाऊस झाले की तोच डोंगर असा हिरवा की काही झालंच नव्हतं. तिथेही रोपं जळतात, पक्ष्यांची घरटी जातात, नुकसान होतंच, पण माझ्या डोक्यात वणवा म्हणजे दोन महिन्यांची गोष्ट हे पक्कं बसलं होतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यातही तेच बसलंय असं मला वाटतं. मे महिन्यात काळं, जूनमधे हिरवं, विषय संपला.

इथला विषय तसा संपत नाही. इथे जळतं ते गवत नाही, लॉजपोल पाइन, स्प्रूस आणि फर यांचं दाट जंगल, नऊ-दहा हजार फुटांवरचं, जिथे झाडाला वाढायला वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने मिळतात आणि बाकी सगळा वेळ थंडी. डेन्व्हरच्या नैऋत्येला २००२ साली हेमन फायर लागली होती, त्या डोंगरावर आज जाऊन बघा, मैलोन् मैल नुसतं गवत आणि काळे खुंट. वीस वर्षं उलटून गेली तरी. तिथल्या ओढ्यांमधे आगीनंतर १४ वर्षांनीसुद्धा नायट्रेटचं प्रमाण जास्त सापडलं होतं, कारण ते शोषून घ्यायला झाडंच परत आली नव्हती.

आता आपल्या आगीकडे येऊ. कॅमेरॉन पीक फायर, १३ ऑगस्ट २०२० ला चेंबर्स लेकच्या बाजूला सुरू झाली. तेव्हा जे इथे होते त्यांना आठवत असेल, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नव्वदच्या वर टेम्परेचर आणि दोन दिवसांत चक्क बर्फ! आम्ही सगळ्यांनी "चला, विझली एकदाची" म्हणून सुस्कारा सोडला होता. आणि ऑक्टोबरात ती परत अशी पेटली की माझ्या बाल्कनीतल्या तुळशीवर सकाळी राखेचा थर असायचा, गाडीच्या काचेवर जळक्या पाइनच्या अख्ख्या काड्या पडलेल्या असायच्या. शेवटी २ डिसेंबरला ती पूर्ण आटोक्यात आली तोवर २,०८,९१३ एकर जळून झालं होतं. म्हणजे जवळजवळ ८४५ चौरस किलोमीटर, अख्ख्या मुंबईपेक्षा जास्त. कोलोरॅडोच्या नोंदींमधली सगळ्यात मोठी आग.

आणि ही जळालेली मुंबई नेमकी कुठे आहे? आपल्या नळाच्या वरच्या टोकाला.

आपण पितो ते पाणी म्हणजे बहुतेक सगळा बर्फ. ऑक्टोबर ते मे तो वर साचतो, मे-जूनमधे वितळून पूडरमधून खाली येतो. इथे खरं धरण म्हणजे तो बर्फच, सिमेंटची धरणं त्यानंतरची. आणि हे धरण हळूहळू सोडायचं काम करतं जंगल, सावली देऊन. हे मला पुस्तकातून माहिती होतं पण डोळ्यांनी बघितलं २०२२ च्या एप्रिलमधे, मुलीला घेऊन स्नोशूइंगला (रुंद बूट घालून बर्फावर चालायला) वर गेलो होतो तेव्हा. जळालेल्या भागात शिरलो तर बर्फ पांढरा नव्हताच. दहीभातावर मोहरीची फोडणी पडावी तसे सगळीकडे काळे ठिपके, सालपटं, कोळशाचा चुरा. वारा आला की जळक्या खोडांवरून अजून थोडा भुगा खाली पडायचा, म्हणजे दोन हिवाळे झाले तरी झाडं बर्फावर काजळी शिंपडतच होती. प्रत्येक खोडाभोवती बर्फ वितळून आळ्यासारखा खड्डा झालेला. मुलीने बर्फाचा गोळा केला आणि तिचे ग्लोव्ह्ज कोळसा हाताळल्यासारखे झाले. पन्नास पावलं पुढे, रस्त्याच्या पलीकडे जळलं नव्हतं, तिथे सावलीत बर्फ गुडघ्याच्या वर.

यात एक गंमत आहे. जळालेल्या जंगलात बर्फ जमिनीवर जास्त पोचतो, कारण फांद्यांवर अडकून तिथल्या तिथे उडून जाणारा बर्फ आता थेट खाली पडतो. पण वर सावली नाही आणि खाली काजळी, आणि काळी छत्री उन्हात कशी तापते ते आपल्याला माहितीये. ओरेगनच्या कॅस्केड पर्वतातल्या अभ्यासात, जो २०१३ साली छापून आला, असं दिसलं की जळालेल्या जंगलात बर्फ जास्त साचूनही तो २३ दिवस आधी संपला. आपल्या इथे सीएसयूच्या (कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या) लोकांनी २०२० च्या आगींनंतर मोजलं तेव्हाही बर्फ दोन-तीन आठवडे आधी जाताना दिसला. आणि हा परिणाम पहिल्या वर्षीपुरता नाही, दहा-पंधरा वर्षं टिकतो.

तीन आठवडे लवकर, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण ग्रीलीकडचा मक्यावाला शेतकरी पाणी मागतो जुलै-ऑगस्टमधे. नदीला लोंढा येणार मे महिन्यात, तेव्हा त्याच्या शेतात अजून नीट पेरणीही झालेली नसते. इथला पाण्याचा कायदाही असा की ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी, मग उन्हाळ्याच्या शेवटी नदी आटली की नवीन हक्कवाले कोरडेच. आपल्याकडे जानेवारीतच विहिरीने तळ गाठला तर मे महिन्यात काय होतं ते मी सांगायला नको.

आमच्या ग्रुपमधे एक काका आहेत, रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, त्यांनी मला पर्सनल मेसेज करून बरोबर मुद्दा काढला की अरे झाडं पाणी पितात ना, मग झाडं गेली तर नदीला पाणी वाढायला पाहिजे. काका, शंभर टक्के बरोबर. वाढतंच. २०२२ साली अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नद्यांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात जिथे वीस टक्क्यांहून जास्त जंगल जळलं तिथे नदीचं पाणी पुढची सरासरी सहा वर्षं साधारण तीस टक्क्यांनी जास्त होतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं की दुष्काळी भागात हे तर वरदान. पण ते पाणी येतं कधी आणि येतं कसं हे बघायला पाहिजे. पाहुणे जास्त आले म्हणून आनंद होतो, पण सगळे एकाच दिवशी, पहाटे चारला, चिखलाचे बूट घालून आले तर?

तो चिखलाचा भाग आता सांगतो, कारण पिकनिकचा संबंध तिथेच आहे.

त्याच एप्रिलच्या ट्रिपनंतर जूनमधे मी परत वर गेलो होतो. एका उताराच्या कडेला बसलो, पायाने वरची राख बाजूला केली, बोटभर माती उकरली आणि बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी मुरलंच नाही. अळवाच्या पानावर कसे मोती होतात तसे मातीवर गोळे झाले आणि उतारावरून घरंगळत गेले! मी तीनदा ओतून बघितलं. होतं असं की पाइनच्या पानांत, सालीत मेणासारखे पदार्थ असतात, आगीत त्यांची वाफ होते, ती खाली मातीत शिरते आणि थंड कणांवर जाऊन बसते, मेणकापड अंथरल्यासारखी. वरचा पालापाचोळ्याचा स्पंज तर जळूनच गेलेला. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? खाली. सगळं एकदम. राख, माती, दगड, जळके ओंडके घेऊन.

इथेही जुलै-ऑगस्टच्या पावसाला मान्सून म्हणतात हे मला पहिल्या वर्षी विनोदी वाटलं होतं, दुपारी दोन-तीनला ढग येतात, अर्धा-पाऊण तास झोडपतात आणि चहाच्या वेळेला परत ऊन, ह्याला काय मान्सून म्हणायचं. पण जळालेल्या डोंगरावर तो अर्धा तासच पुरतो. २० जुलै २०२१ ला, आग विझून आठ महिनेही झाले नव्हते, पूडर कॅन्यनमधे ब्लॅक हॉलोच्या ओढ्याला असाच पाऊस झाला आणि ओढ्यातून पाण्याऐवजी काळं काँक्रीट आल्यासारखं काहीतरी आलं. सहा घरं वाहून गेली. चार माणसं गेली. त्याच महिन्याच्या शेवटी ग्लेनवुड कॅन्यनमधे, तिथेही २०२० चीच ग्रिझली क्रीकची आग, दरड येऊन आय-७० हायवे साधारण दोन आठवडे बंद, शंभराहून जास्त लोक रात्रभर अडकले. आणि याला जुनी उदाहरणंही आहेत, १९९६ ला बफेलो क्रीकला मे महिन्यात आग लागली आणि १२ जुलैला पूर, दोन जणांचा जीव गेला. आग आणि पूर यांच्यात दोन महिन्यांचं अंतर, बास.

ब्लॅक हॉलो झालं त्या आठवड्यात मी गावातल्या पुलावर उभा राहून पाणी बघितलं. मसुराची आमटी उतू जावी तशा रंगाचं, वर फेस, आणि वास ओल्या चुलीचा. शेजारी एक म्हातारा गोरा माणूस उभा होता तो नुसता "हम्म्" म्हणाला आणि निघून गेला, मीही निघून आलो.

आता कमिटीने ठरवलेली जागा. कॅन्यनमधली, ओढ्याला लागून, वर जळका उतार, आणि तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली, जेवण दुपारी दीडला! मान्य आहे की पहिली दोन-तीन वर्षं धोका सगळ्यात जास्त असतो, नंतर गवत, झुडपं, अ‍ॅस्पनच्या (शरदात पिवळी होणाऱ्या झाडांच्या) कोंब येतात आणि माती परत पाणी प्यायला लागते, आज तिथे २०२१ सारखी परिस्थिती नाही. मी उगाच भीती घालत नाहीये. पण वरचे तीव्र उतार अजून उघडे आहेत, सुटलेले दगड आणि ओंडके ओढ्यात अडकून बसलेत, आणि मुख्य म्हणजे तिथे मोबाईलला रेंज नाही. हवामान खात्याने फ्लॅश फ्लडची, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराची, वॉर्निंग दिली तरी ती आपल्या चाळीस माणसांपैकी एकाच्याही फोनवर वाजणार नाही. वर डोंगरात पाऊस पडत असताना खाली आपल्या डोक्यावर ऊन असतं हेही लक्षात घ्या. मुलं पाण्यात असणार, आजी-आजोबा खुर्च्यांवर, आणि आपण अंताक्षरीत.

पिकनिक एक गोष्ट झाली. दुसरी गोष्ट पाण्याच्या बिलाची, कारण तीही ग्रुपवर निघाली होती. पाण्याचे दर वाढायची नुसती चर्चा निघाली तरी आपल्यातले निम्मे लोक "आगीचे पैसे अजून कसले मागताय" म्हणून चिडतात. मीही चिडायचो. पण जरा बघा काय काय होतं. २०१२ ला हाय पार्क फायर लागली, ८७ हजार एकर, अडीचशेच्या वर घरं गेली, आणि नंतर पूडर काळी वाहायला लागली. शहराने नदीचं पाणी घेणंच बंद केलं आणि गावाशेजारच्या हॉर्सटूथ रिझर्वॉयरवर (धरणावर) वेळ काढली. आपलं नशीब की आपल्याकडे दोन स्रोत आहेत, साधारण निम्मं पाणी पूडरचं, निम्मं हॉर्सटूथचं. हॉर्सटूथचं पाणी मुळात डोंगराच्या पलीकडचं, ग्रॅन्बी लेकच्या बाजूचं, तेरा मैलांच्या बोगद्यातून कॉन्टिनेन्टल डिव्हाइडच्या (म्हणजे पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जाणारं पाणी वेगळं करणाऱ्या डोंगररांगेच्या) खालून इकडे आणलेलं. काय डोकं लावलंय लोकांनी! पण २०२० ला काय झालं, इकडे कॅमेरॉन पीक जळत होती आणि तिकडे ग्रॅन्बीच्या बाजूला ईस्ट ट्रबलसम पेटली, १,९३,८१२ एकर, आणि ती आग तर डिव्हाइड ओलांडून एस्टेस पार्कच्या दारात आली होती. म्हणजे आपल्या दोन्ही नळांची वरची टोकं एकाच वर्षी जळाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

राखेचं पाणी नुसतं गाळून चालत नाही. त्यात जंगलाचा विरघळलेला कार्बन असतो, क्लोरीन टाकलं की त्याच्याशी मिळून नको ती संयुगं तयार होतात, ती काढायला वेगळा खर्च. फॉस्फरस-नायट्रोजन धरणात गेलं की शेवाळ, मग पाण्याला मातकट वास, मग तुम्हीच ग्रुपवर विचारता "आज पाण्याला वास येतोय का कोणाकडे". शहराने २०१२ नंतर नदीत वर सेन्सर लावलेत, गढूळपणा वाढला की खाली आधी कळतं, गाळ बसायला वेगळं तळं बांधलंय, आगीनंतर हेलिकॉप्टरने जळक्या लाकडाचाच भुसा करून उतारांवर टाकलाय, माती धरून ठेवायला. हे सगळं फुकट होत नाही. डेन्व्हरने बफेलो क्रीक आणि हेमनच्या आगींनंतर स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज धरणातला गाळ काढायला आणि वरचे डोंगर सावरायला २ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त खर्च केले, आणि मग शहाणे होऊन २०१० पासून वनखात्याला आधीच पैसे द्यायला लागले, की बाबांनो आग लागायच्या आधी जंगल विरळ करा. बैल गेला आणि झोपा केला, पण पुढच्या बैलासाठी तरी केला.

जंगल विरळ करायला वनखातं मुद्दाम छोट्या आगीही लावतं, आणि यावर आपल्यातले काही जण म्हणतील की वनखात्याच्या हातात काडीपेटी द्यायला नको, आणि तो मुद्दा मला पूर्ण उडवून लावता येत नाही. न्यू मेक्सिकोत २०२२ ला जी प्रचंड आग झाली, तीन लाख चाळीस हजार एकरांच्या वर, ती वनखात्याने स्वतः लावलेल्या दोन नियंत्रित आगींतूनच सुटली होती. त्यातली एक तर जानेवारीत पेटवलेल्या ढिगाऱ्यांची, बर्फाखाली तीन महिने धुमसत राहिली आणि एप्रिलमधे वर आली. तीन महिने, बर्फाखाली! नंतर तिथल्या लास व्हेगास गावाची (जुगारवालं नाही, ते वेगळं) नदी राखेने भरली आणि गावाकडे दोन महिन्यांहूनही कमी पाणी उरलं होतं. म्हणून तर मी म्हणतो की हे निर्णय होतात त्या मीटिंगला आपल्यातले चार लोक असायला पाहिजेत, प्रश्न विचारायला. पाण्याच्या दरांची जाहीर सुनावणी असली की तिथे आपला एकही चेहरा नसतो, मी तीन वेळा गेलोय, तीनही वेळा एकटा. काम अगदी छोटं मागतोय: दर वाढले म्हणून ओरडायच्या आधी ते कशासाठी वाढले हे विचारायचं, आणि वॉटरशेडच्या (नदीला पाणी देणाऱ्या वरच्या डोंगरांच्या) कामासाठी असतील तर हात वर करायचा.

ज्यांनी कॅन्यनच्या तोंडाशी घरं घेतली आहेत त्यांच्यासाठी एकच ओळ, घराच्या नेहमीच्या इन्शुरन्समधे पूर येत नाही, फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी पॉलिसी सहसा तीस दिवसांनी लागू होते, ढग बघून फोन करू नका.

एक अवांतर. आपल्या नदीचं नाव काश ला पूडर, म्हणजे फ्रेंचमधे बारूद लपवा. बर्फाच्या वादळात अडकलेल्या फ्रेंच फर-व्यापाऱ्यांनी ओझं कमी करायला बारूद नदीकाठी पुरून ठेवली होती अशी गोष्ट सांगतात. मला आता हे नाव ऐकलं की हसू येत नाही एवढंच.

तर कमिटीतल्या दादा-ताईंनो, माझं म्हणणं असं की पिकनिक हॉर्सटूथच्या काठावर करा, किंवा गावातल्याच एखाद्या पार्कात, रेंज आहे, बाथरूम आहे, आजी-आजोबांना चालायला रस्ता आहे. कॅन्यनच हवं असेल तर सप्टेंबरमधे जाऊ, अ‍ॅस्पन पिवळे झाले की, तेव्हा दुपारची वादळं कमी असतात, आणि तरी सकाळी लवकर जाऊन बाराच्या आत परत येऊ. जागा बुक केल्याचे पैसे परत मिळत नसतील तर ते मी भरतो, खरंच भरतो, रसीट पाठवा. आणि सप्टेंबरच्या ट्रिपला एक पाण्याची जास्तीची बाटली आणा, त्या उतारावर थांबून मी पाणी ओतून दाखवणार आहे, मुलांना दाखवायचंय की मातीचं अळूचं पान झालं होतं ते आता किती सुधारलंय. माती पाणी प्यायला लागली असेल तर मीच हरलो म्हणायचं, सगळ्यांना माझ्याकडून मिसळ. नसेल प्यायली तर मिसळ वहिनींकडून.

कट मात्र माझ्या आईच्या मसाल्याचाच होईल, तो मी मेमधे भोरहून आणलाय.

तुमचाच,
घाबरट